विश्लेषण : प्लेगची साथ, ‘केसरी’ आणि राजद्रोह… १८९७ मध्ये टिळकांना नेमकी कशाबद्दल शिक्षा झाली?

चिंचवडगावातील चापेकर चौकातून रोज हजारो लोक ये-जा करतात. कोणी तळवड्याच्या आयटी पार्ककडे निघालेले असते, कोणी भोसरी एमआयडीसीकडे, तर कोणी पुढे चाकणच्या कंपनीत. चौकातला चापेकर बंधूंचा शिल्पसमूह पाहिला की पुण्यातला प्लेग, रँड आणि गणेशखिंडीतील गोळीबार एवढी गोष्ट शाळेतल्या इतिहासामुळे बहुतेकांना आठवते. या गोष्टीचा दुसरा भाग एका वर्तमानपत्राचा आणि त्याच्या संपादकाचा आहे.

बाळ गंगाधर टिळक यांना १८९७ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ती रँड यांच्या खुनाबद्दल झाली, असे अनेकांना वाटते. काहींना वाटते की प्लेगच्या काळातील अत्याचारांवर अग्रलेख लिहिल्याबद्दल झाली. कागदोपत्री पाहिले तर या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. मग शिक्षा कशाबद्दल झाली? साथीच्या काळात सरकारवर टीका करणाऱ्या पत्रकारावर दबाव कसा येतो, हे समजून घेण्यासाठी टिळकांच्या आयुष्यातले ते वर्ष बारकाईने पाहावे लागते. टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त हे विश्लेषण.

गणिताचा पदवीधर पत्रकारितेत कसा आला?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यांची बदली झाली आणि १८६६ मध्ये कुटुंब पुण्यात आले. टिळक सोळा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

सरकारी नोकरी किंवा वकिली हे त्या काळातले दोन सोपे रस्ते होते. टिळकांनी दोन्ही टाळले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासोबत त्यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढे गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये या मंडळींनी दोन साप्ताहिके काढली. इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. टिळक तिथे गणित शिकवत. सहकाऱ्यांशी मतभेद वाढल्यावर १८९० मध्ये त्यांनी संस्था सोडली. त्याआधीच ‘केसरी’ त्यांच्याकडे आला होता. यानंतर वर्तमानपत्र हेच त्यांचे मुख्य काम झाले.

पहिला तुरुंगवास खोट्या कागदांमुळे?

टिळकांचा पहिला तुरुंगवास १८८२ चा. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, अशी चर्चा तेव्हा होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांनी त्यावरून संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तिखट टीका केली. आधार होता काही पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांना १०१ दिवस काढावे लागले. सुटल्यावर लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. पण पत्रकारितेच्या दृष्टीने पाहिले तर ही गोष्ट महाग पडली होती. हाती आलेला कागद खरा आहे की नाही, हे तपासल्याशिवाय छापले तर काय होते, याचा धडा २६ व्या वर्षी मिळाला होता.

‘केसरी’ची ताकद कशात होती?

मराठी वाचू शकणाऱ्या सामान्य माणसाला राज्यकारभार समजावून सांगणे, ही ‘केसरी’ची पद्धत होती. कायद्याचे कलम, सरकारी ठराव, दुष्काळाचे नियम अशा गोष्टी सोप्या भाषेत मांडल्या जात. एक अंक एकाने घ्यायचा आणि गावात दहा जणांनी ऐकायचा, असा तो काळ होता. त्यामुळे खपाच्या आकड्यापेक्षा पत्राचा पोहोच कितीतरी मोठा होता.

टिळकांच्या सगळ्याच भूमिका आज पटतील अशा नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. मुलींच्या शिक्षणाबाबतही त्यांची मते मागे ओढणारी होती आणि आगरकरांशी त्यांचा वाद त्यावरूनच पेटला होता. सरकारविरुद्ध मात्र ते नियमाचे पुस्तक हातात घेऊन लढत. १८९६ मध्ये दुष्काळ पडल्यावर पीक बुडालेल्या शेतकऱ्याला सारामाफी मागण्याचा हक्क सरकारच्याच दुष्काळ संहितेनुसार आहे, हे ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगितले. सरकारला तेव्हापासूनच हे पत्र खुपू लागले होते. टिळक त्या वेळी मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्यही होते.

प्लेग आला तेव्हा विज्ञानाला काय माहीत होते?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. काही आठवड्यांतच लोक मुंबई सोडून पळू लागले आणि रोग रेल्वेमार्गाने पुण्यापर्यंत आला. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात साथ पसरली.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःवरच टोचून पाहिली होती. पण रोग माणसापर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले ते १८९८ मध्ये. त्यावर सर्वांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षे गेली.

म्हणजे १८९७ मध्ये सरकार ज्या उपायांवर भर देत होते, ते घाण, हवा, कपडे आणि माणसांचा संपर्क यांवर बेतलेले होते. घरातली जमीन खणणे, भिंतींना चुना देणे, अंथरूण जाळणे असे ते उपाय. मेलेला उंदीर धोक्याची खूण आहे, हे लोकांच्या आणि डॉक्टरांच्या लक्षात आले होते. पण उपाययोजनेचा मुख्य रोख माणसावरच राहिला. अशा वेळी उपाय जबरदस्तीने लादणाऱ्या यंत्रणेला प्रश्न विचारणे अधिकच गरजेचे असते, कारण तिचे स्वतःचे ज्ञानही अपुरे असते.

साथरोग कायद्यात काय होते?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथ रोखण्यासाठी सरकारला वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार त्यात होता. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होती. आणि या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असे संरक्षणही होते.

थोडक्यात, अधिकाऱ्याला अधिकार पूर्ण होते आणि न्यायालयात त्याला जाब विचारण्याची वाट जवळपास बंद होती. मग तक्रार करायची कुठे? उरले वर्तमानपत्र.

रँड यांच्या पथकांनी पुण्यात काय केले?

साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांना फेब्रुवारीत पुण्यात आणले गेले आणि मार्चमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. १३ मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या आणि त्या १९ मेपर्यंत चालल्या. कामाला जवळपास ९०० सैनिक लावले होते.

पथक गल्लीची नाकेबंदी करी आणि घरोघर शिरून रुग्ण शोधी. रुग्ण सापडला की त्याला प्लेगच्या रुग्णालयात नेले जाई आणि घरातल्या इतरांना विलगीकरण छावणीत. घरातले सामान जाळले किंवा औषधाने धुतले जाई. देवघरात बूट घालून शिरणे, बायकांची अंगझडती, वस्तूंची नासधूस आणि चोरी अशा तक्रारी शहरभर होत्या. समितीच्या अहवालात मात्र सैनिकांचे वर्तन चांगले होते, असाच दावा केला गेला.

रोग खरा होता आणि माणसे मरत होती, हेही विसरता येत नाही. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रँड यांची पथके रस्त्यावर उतरण्याच्या तीन दिवस आधीची ही घटना.

टिळकांनी या काळात काय केले?

पुण्यातले अनेक पुढारी आणि सधन लोक शहर सोडून गेले. टिळक थांबले. झडतीच्या पथकांबरोबर ते स्वतः फिरले. हिंदू रुग्णांसाठी वेगळे प्लेग रुग्णालय उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि विलगीकरण छावणीतल्या लोकांच्या जेवणाची सोय लावली.

त्यांच्या लिखाणातही दोन धागे दिसतात. पहिला, रुग्णाला वेगळे ठेवणे आणि घरे स्वच्छ करणे आवश्यक आहे, हे त्यांनी मान्य केले होते. रोग लपवणाऱ्या लोकांना आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी खडसावले. दुसरा, ही कामे गोऱ्या सैनिकांकडून, धाकदपटशाने का करवून घेता, हा प्रश्न त्यांनी सरकारला सतत विचारला. रोगापेक्षा रोगावर नेमलेली माणसेच लोकांना जास्त भयंकर वाटू लागली आहेत, असा त्यांच्या पत्रांचा सूर मे महिन्यापर्यंत झाला होता.

आजच्या भाषेत सांगायचे तर टिळक विलगीकरणाच्या विरोधात नव्हते. विलगीकरण कसे केले जाते, यावर ते बातमीदारी करत होते. पण सरकारच्या नजरेत हा फरक फार काळ टिकला नाही.

२२ जूनच्या रात्री काय घडले आणि चिंचवडचा संबंध काय?

२२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउसमध्ये होता. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. समारंभ आटोपून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच मरण पावले. रँड यांचा ३ जुलै रोजी मृत्यू झाला.

गोळ्या झाडणारे दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर हे चिंचवडच्या कीर्तनकार घराण्यातले. धाकटे भाऊ वासुदेव. तिघेही पुढे येरवड्यात फाशी गेले. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी, वासुदेव आणि बाळकृष्ण मे १८९९ मध्ये. त्यांचे साथीदार महादेव रानडे यांनाही फाशी झाली.

पण जून १८९७ मध्ये मारेकरी कोण, हे पोलिसांना माहीत नव्हते. दामोदर यांचा कबुलीजबाब नोंदला गेला तो ऑक्टोबरमध्ये. मधल्या तीन महिन्यांत पुणे शहरावर जादा पोलीस बसवले गेले आणि त्याचा खर्च शहराच्याच माथी मारला गेला. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी खुनाचे खापर ‘केसरी’वर फोडायला सुरुवात केली. जुलैच्या सुरुवातीला ‘केसरी’ने अग्रलेखाच्या मथळ्यातच सरकारचे डोके ठिकाणावर आहे का, अशी शंका घेतली. महिन्याच्या अखेरीस, २७ जुलै रोजी, टिळकांना मुंबईत अटक झाली.

आरोप नेमका कशावर होता?

इथेच मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. भारतीय दंड संहितेच्या १२४ अ कलमाखाली, म्हणजे राजद्रोहाचा, खटला भरला गेला. खटल्यासाठी निवडलेला मजकूर होता १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तला. त्यात दोन गोष्टी होत्या. पुण्यातील शिवाजी उत्सवात झालेल्या भाषणांचा वृत्तांत आणि शिवाजी महाराज जागे होऊन देशाची अवस्था पाहतात, अशा कल्पनेवरची एक कविता. वृत्तांतात अफझलखानाच्या वधाचे समर्थन होते आणि त्यातील अध्यक्षीय भाषण टिळकांचे होते.

प्लेगच्या झडत्यांवर लिहिलेल्या मजकुराबद्दल आरोप नव्हता. रँड यांच्या खुनात हात असल्याचाही आरोप नव्हता. पण हा मजकूर छापल्यावर आठवडाभरातच गोळीबार झाला होता आणि खटल्यावर त्याची छाया होती. न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांनी ज्युरीला मजकूर कोणत्या वेळी, कोणत्या वातावरणात छापला गेला, हे विचारात घ्यायला सांगितले. प्लेग आणि दुष्काळाने तापलेले वातावरण अशा रीतीने पुराव्याच्या बाजूला येऊन बसले.

राजद्रोहाच्या कलमातील मुख्य शब्द होता सरकारबद्दलची अप्रीती. स्ट्रॅची यांनी त्याचा अर्थ सरकारबद्दल प्रीती नसणे असा केला. हा अर्थ घेतला तर कडक टीका करणारा कोणताही संपादक त्यात अडकू शकत होता. मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर बरोबर आहे का, यावरही न्यायालयात वाद झाला.

ज्युरीत नऊ जण होते. सहा युरोपीयांनी दोषी ठरवले, तीन भारतीयांनी निर्दोष. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तोपर्यंत दामोदर चापेकरांनी कबुली दिलेली नव्हती. म्हणजे खुनाचा उलगडा होण्यापूर्वीच वातावरण बिघडवणारा संपादक तुरुंगात पोहोचला होता. माफी मागून प्रकरण मिटवावे, असा सल्ला मित्रांनी दिला होता. टिळकांनी तो मानला नाही.

दबाव फक्त टिळकांवरच होता का?

नाही. याच काळात इतर तीन घटना घडल्या आणि त्या एकत्र पाहिल्यावर दबावाचे वेगवेगळे प्रकार दिसतात.

पहिली घटना सरदार नातू बंधूंची. पुण्यातल्या या दोन भावांनी झडत्यांबद्दल अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या होत्या. त्यांना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली जुलै १८९७ मध्ये पकडले गेले. खटला नाही, सुनावणी नाही, थेट स्थानबद्धता.

दुसरी घटना सातारा जिल्ह्यातील इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ या छोट्या पत्राची. त्याच्यावरही १८९७ मध्येच राजद्रोहाचा खटला झाला. पुण्या-मुंबईत मोठे वकील उभे करता येत होते, देशभरातून निधी जमवता येत होता. टिळकांच्या बचावासाठी बंगालमधूनही पैसे आले. तालुक्याच्या पत्राकडे यातले काही नव्हते.

तिसरी घटना गोपाळ कृष्ण गोखले यांची. ते तेव्हा एका सरकारी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्राला सांगितले की सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांनी माहिती देणाऱ्यांना विचारले, तेव्हा उघडपणे पुढे यायला कोणी तयार झाले नाही. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि त्याचा डाग त्यांना बरीच वर्षे वागवावा लागला. पंडिता रमाबाई यांनीही प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेवर वृत्तपत्रात पत्र लिहिले होते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचेही म्हणणे खोडून काढले.

पुराव्याशिवाय आरोप करू नये, हा धडा गोखल्यांच्या प्रकरणातून निघतो आणि तो योग्यच आहे. पण लोक साक्ष द्यायला का घाबरले, हे नातू बंधूंच्या अटकेकडे पाहिले की कळते. तक्रार करणाऱ्यालाच उचलले जाते, असे दिसल्यावर साक्षीदार कुठून मिळणार? आणि साक्षीदार मिळाला नाही, म्हणून बातमी खोटी ठरली.

तुरुंगातून सुटका कशी झाली?

टिळकांना आधी मुंबईत आणि नंतर येरवड्यात ठेवले. सक्तमजुरीत त्यांची प्रकृती खालावली. या काळात ‘केसरी’ची धुरा न. चिं. केळकर यांनी सांभाळली. टिळकांचा ‘ओरायन’ हा वेदकाळावरचा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे युरोपातले संस्कृत पंडित त्यांना ओळखत होते. ऑक्सफर्डचे मॅक्स म्युलर आणि इतर मान्यवरांनी सरकारकडे विनंती अर्ज केला. ६ सप्टेंबर १८९८ रोजी काही अटींवर टिळकांची मुदतीपूर्वी सुटका झाली.

टिळक तुरुंगात असतानाच, १८९८ मध्ये, सरकारने राजद्रोहाचे कलम दुरुस्त केले आणि अप्रीतीची व्याख्या रुंद केली. सरकारबद्दल द्वेष किंवा तुच्छता निर्माण करणे हेही त्यात आले. समाजगटांमध्ये वैर पसरवण्याबद्दलचे १५३ अ हे कलमही त्याच वर्षी जोडले गेले. साथ ओसरली तशा झडत्याही थांबल्या. कायदा मात्र राहिला.

पुढच्या काही वर्षांत प्लेग पुण्यात पुन्हा पुन्हा आला. त्यात टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ गेला.

पुढच्या आयुष्यात हे प्रकरण संपले का?

१९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटावर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. न्यायाधीश होते दिनशा दावर. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले तेच दावर. या वेळी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळकांना ब्रह्मदेशातील मंडालेला पाठवले गेले. ‘गीतारहस्य’ तिथे लिहिले गेले. १९१४ मध्ये ते परतले आणि १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. त्याच वर्षी भाषणांवरून तिसऱ्यांदा कारवाई झाली. मात्र मोहम्मद अली जीना यांनी युक्तिवाद केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने टिळकांच्या बाजूने निकाल दिला.

प्लेगचे वर्ष तरीही पाठ सोडत नव्हते. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात टिळकांच्या लिखाणाचा आणि पुण्यातल्या खुनांचा संबंध जोडला होता. टिळकांनी लंडनमध्ये जाऊन अब्रुनुकसानीचा दावा लढवला. १९१९ मध्ये ते हरले आणि खर्चाचा मोठा बोजा पडला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले. एकाही फौजदारी खटल्यात सिद्ध न झालेला खुनाचा संबंध अखेरपर्यंत त्यांना चिकटून राहिला होता.

आज याचा संबंध काय?

१८९७ चा साथरोग कायदा पुण्यातल्या प्लेगबरोबर इतिहासजमा झाला नाही. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आल्यावर महाराष्ट्रात तोच लागू झाला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मॉल, चित्रपटगृहे, व्यायामशाळा बंद झाल्या त्या याच कायद्याच्या आधारे. चाकण आणि भोसरीतल्या कारखान्यांची शटर काही दिवसांतच खाली आली. याच कायद्याखाली राज्याने केलेल्या नियमांत माध्यमांबद्दलही एक तरतूद होती. करोनाबद्दलची माहिती खातरजमा केल्याशिवाय आणि आरोग्य अधिकारी, जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त यांच्या पूर्वपरवानगीशिवाय प्रसारित करू नये, असे त्यात म्हटले होते. उद्देश अफवा रोखण्याचा होता. पण शब्दशः पाहिले तर रुग्णालयात खाटा शिल्लक आहेत का, ही बातमी द्यायलाही ज्याच्याबद्दल ती बातमी आहे, त्याच यंत्रणेची परवानगी लागली असती.

३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथीवरील मुक्त चर्चेत हस्तक्षेप करायचा नसल्याचे स्पष्ट केले, मात्र माध्यमांनी घडामोडींची अधिकृत माहिती छापावी, असे निर्देश दिले. एप्रिलमध्ये वांद्रे स्थानकाबाहेर मजुरांची गर्दी झाली, तेव्हा रेल्वेगाड्यांच्या बातमीवरून एका मराठी वृत्तवाहिनीच्या पत्रकाराला अटक झाली. त्यांना दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. गर्दी आधी, तिचे कारण म्हणून बातमी नंतर, हा क्रम १८९७ ची आठवण करून देणारा होता.

राजद्रोहाच्या १२४ अ कलमाला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. देशाचे सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणाऱ्या कृतींसाठी १५२ वे कलम आहे आणि त्याची व्याप्ती किती, यावर न्यायालयांत वाद सुरू आहेत.

टिळकांच्या आयुष्यातून साथीच्या पत्रकारितेसाठी एक साधा हिशेब निघतो. १८८२ मध्ये कागद खोटे निघाले, तेव्हा शिक्षा झाली आणि चूक पत्राची होती. १८९७ मध्ये झडत्यांवरील मजकुराबद्दल आरोपच ठेवला गेला नाही, तरी संपादक तुरुंगात गेला. सरकारने आरोपासाठी दुसरा मजकूर शोधला होता. म्हणून साथीच्या काळात एखाद्या पत्रकारावर कारवाई झाल्याचे वाचले, तर दोन प्रश्न विचारायला हवेत. बातमीतली कोणती माहिती चुकीची आहे, हे सरकारने सांगितले आहे का? आणि गुन्हा त्याच बातमीबद्दल दाखल झाला आहे, की दुसऱ्याच कशाबद्दल? पुढच्या साथीत रुग्णालयातली खरी स्थिती आपल्यापर्यंत पोहोचणार की नाही, हे या दोन उत्तरांवर अवलंबून असेल.